मोटर आणि ड्रायव्हर यांची जोडी



सुगी आटोपली की हाताला थोडी उसंत मिळते. अशा दिवसांत काही घरांतली मुले लाकडावर नक्षी कोरणारे सीएनसी यंत्र घरीच जुळवू लागली आहेत. देव्हाऱ्याची कमान, दाराची फळी, दुकानाची पाटी अशी कामे त्यावर निघतात. उद्योग चांगला आहे. मात्र सांगाडा उभा राहिला, मोटरी बसल्या आणि वीतभर कापून होताच यंत्र अडखळले, रेघ सरकली, अशा तक्रारी कानावर येतात. घरच्यांना वाटते, पोराने पैसे पाण्यात घातले. पुष्कळदा दोष मोटर आणि ड्रायव्हर यांच्या जोडीत असतो. उंच बैलाशेजारी ठेंगणा जुंपला तर जू तिरपे होणारच.

या यंत्रातली मोटर विहिरीवरच्या मोटरीसारखी नव्हे. तिला स्टेपर मोटर म्हणतात. ती पावलापावलाने फिरते. सर्वसाधारण मोटरीचे एक पाऊल १.८ अंशांचे, म्हणजे एका फेऱ्यात २०० पावले. तिच्या वेटोळ्यांत केव्हा आणि किती वीज सोडायची हे ड्रायव्हर ठरवतो. ताकद अपुरी पडून मोटरीचे पाऊल चुकले तर साध्या यंत्राला ते कळत नाही. ते चुकलेल्या जागेवरूनच पुढे कापत राहते, आणि सागवानाची फळी वाया जाते.

दुकानात 'नेमा १७', 'नेमा २३' अशी नावे सांगतात. तो आकडा जोराचा नाही, तोंडाच्या मापाचा आहे. नेमा १७ ची बाजू सुमारे ४२ मिलिमीटर, नेमा २३ ची सुमारे ५७. एकाच मापात एक अँपिअर घेणारी मोटर मिळते आणि तीन-चार अँपिअर घेणारीही. म्हणून माप पाहून भागत नाही. लेबलावरचे 'दर वेटोळ्यास अँपिअर' आधी वाचावे आणि त्यावरून ड्रायव्हर घ्यावा. तीन अँपिअरच्या मोटरीला ए ४९८८ ही नखाएवढी पट्टी लावणारे पुष्कळ आहेत. तिची कमाल मर्यादा दोन अँपिअर, आणि थंड करणारी पट्टी नसेल तर सुमारे एकच. तिथे मोटर दुबळीच चालणार. अशा मोटरीला डीएम ५४२ जातीचा, ४.२ अँपिअरपर्यंतचा ड्रायव्हर शोभतो.

आता व्होल्टचा घोळ. लेबलावर कधी फक्त तीन व्होल्ट लिहिलेले असते आणि वीजपेटी तर ३६ व्होल्टची. मोटर जळेल या भीतीने काही जण पाच व्होल्टची पेटी लावतात. तसे करू नये. आजचे ड्रायव्हर वीज तोडून-जोडून अँपिअर ठरल्या मर्यादेत ठेवतात. व्होल्ट जास्त असले की वेटोळ्यात वीज लवकर भरते आणि वेगातही जोर टिकतो. मर्यादा मात्र आहे. मोटरीच्या माहितीपत्रकात इंडक्टन्सचा आकडा मिलिहेन्रीत दिलेला असतो. त्याचे वर्गमूळ काढून ३२ ने गुणावे आणि येईल त्याच्या वर जाऊ नये. समजा आकडा २.२५ आहे, वर्गमूळ दीड, गुणाकार ४८. तिथे ३६ व्होल्टची पेटी छान बसते. डीएम ५४२ ची स्वतःची मर्यादा ५० व्होल्ट आहे. तिला टेकू नये, कारण मोटर थांबताना थोडी वीज उलटी येते. दोन मोटरींत निवड करायची झाली तर नुसता धरून ठेवण्याचा जोर पाहून भुलू नये. कमी मिलिहेन्रीची मोटर वेगात सरस ठरते. माझे मत विचाराल तर घरच्या यंत्राला मध्यम जोराची अशी मोटर अवजड मोटरीपेक्षा बरी.

ड्रायव्हरवरच्या बारीक खटक्यांनी अँपिअर ठरवतात. तक्त्यात दोन आकडे असतात, शिखराचा आणि सरासरीचा. आरंभी शिखराचा आकडा मोटरीच्या अँपिअरइतकाच ठेवावा. मोटर हाताला चटका बसेल इतकी तापली तरी घाबरू नये, या मोटरी तापतातच. पण वास आला तर लगेच बंद करावे.

चार तारांतल्या जोड्या ओळखायला मीटर लागत नाही. मोटर सुटी असताना दोन तारांची टोके एकमेकांस जोडून दांडा बोटांनी फिरवावा. जड लागला तर त्या तारा एकाच वेटोळ्याच्या.

पेटीला अर्थिंग हवेच. आणि वीज चालू असताना मोटरीची तार कधीही काढू नये. तेवढ्याने ड्रायव्हर जातो. आपल्याकडे वीज मध्येच जाते. ती परत आली की यंत्राला आपली जागा ठाऊक नसते, म्हणून सुरुवातीच्या खुणेवर नेऊन मगच पुन्हा कापायला लावावे.