दहा दिवसांची सेवा, कायमची मोजदाद

अमेरिकेतील चर्चमध्ये एक प्रथा आता चांगलीच रुळली आहे. सुट्टीचे दिवस आले, की दहा-पंधरा स्वयंसेवकांचा गट जमतो, वर्गणी गोळा होते आणि हा गट दूरच्या एखाद्या गरीब देशातील खेड्यात 'सेवे'साठी रवाना होतो. तेथे शाळेची भिंत रंगवायची, मुलांना गाणी शिकवायची, औषधे वाटायची, सायंकाळी प्रार्थना घ्यायची आणि दहाव्या दिवशी परतीचे विमान पकडायचे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनो यांच्या अभ्यासानुसार वर्षाकाठी सुमारे १६ लाख अमेरिकी चर्चसदस्य अशा परदेशवाऱ्या करतात. या प्रचंड उलाढालीकडे केवळ भाबड्या कौतुकाने पाहून चालेल काय?

ही परंपरा नवी नाही आणि तिचा महाराष्ट्राशी संबंध फार जुना आहे. १८०६ मध्ये अमेरिकेतील विल्यम्स महाविद्यालयाच्या पाच विद्यार्थ्यांनी वादळी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थना केली आणि परदेशी प्रचाराचा संकल्प सोडला. त्यातून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड उभे राहिले. या बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. त्या संघटित अमेरिकी प्रचाराचे पहिले परदेशी क्षेत्र म्हणजे आपला मराठी मुलूख! १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे झाले, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघाले.

त्या मिशनऱ्यांचा हेतू आम्हाला तेव्हाही मान्य नव्हता, आजही नाही. परंतु प्रतिपक्षाचे गुण नाकारणे हा आमचा संस्कार नव्हे. गॉर्डन हॉल तेरा वर्षे येथे राहिले, मराठी शिकले आणि १८२६ मध्ये नाशिककडील प्रवासात पटकीने मरण पावले. जस्टिन ॲबट यांनी तर पुढे आमच्याच संतांची चरित्रे इंग्रजीत नेली. ज्या समाजाला बदलायला आले, त्याची भाषा शिकण्याचे कष्ट तरी त्यांनी घेतले. आजच्या दहा दिवसांच्या पाहुण्याकडे यातले काय आहे?

मानवतच्या शिवारात

समजा, असा एखादा गट उद्या मानवत तालुक्यातील एखाद्या खेड्यात आला. तो येणार नाताळच्या सुट्टीत. त्या वेळी शिवारात कापसाच्या वेचणीची घाई असते. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे दसरा-दिवाळीनंतरच गाव सोडून कारखान्यांच्या दिशेने गेलेली असतात. म्हणजे ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज, तेच घरी नसतात. राहता राहिली लहान मुले आणि म्हातारी माणसे. पाहुण्यांना मराठी येत नाही, कापसाचा भाव माहीत नाही, सावकाराचे व्याज ठाऊक नाही. ते कोणाचे दुःख समजून घेणार आणि कोणत्या भाषेत?

भिंत रंगवायला गावात रंगारी नाहीत काय? बांधकामाला गवंडी नाहीत काय? एका तिकिटाचे लाखभर रुपये धरले, तरी दहा जणांचे दहा लाख होतात. त्या पैशात गावातील किती हातांना काम मिळाले असते! हा आमचाच आक्षेप आहे असेही नाही. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये घरे बांधायला असेच गट गेले होते. त्यांचा अभ्यास कर्ट व्हर बीक यांनी केला. हे गृहस्थ स्वतः एका ख्रिस्ती महाविद्यालयातील प्राध्यापक. स्थानिक संस्था जे घर सुमारे दोन हजार डॉलरमध्ये उभारत होत्या, त्याच घरासाठी पाहुण्यांच्या एका गटाचा खर्च सरासरी तीस हजार डॉलर होत होता. पंधरा कुटुंबांचे छप्पर एका गटाच्या प्रवासात विरघळले! त्याही आधी, १९६८ मध्ये, मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे इव्हान इलिच या कॅथॉलिक धर्मगुरूने अमेरिकी स्वयंसेवकांना तोंडावर सुनावले होते, की गरिबांवर उपकार करण्याची तुमची ही हौस त्यांच्यावर लादू नका. घरचा आहेर यापेक्षा स्पष्ट कोणता असावा?

औषधवाटपाचे तर विचारूच नये. रक्तदाबाच्या गोळ्या दहा दिवस दिल्या; अकराव्या दिवशी कोण देणार? तेव्हा दार ठोठवायचे ते उपकेंद्राचे आणि गावच्या आशाताईंचे. बरे, भारतात नोंदणीविना रुग्ण तपासणे कायद्याने मना आहे, हे या उत्साही मंडळींना कोण सांगणार?

अट घातली, की व्यवहार झाला

मूळ प्रश्न याहून गंभीर आहे. ही सेवा निरपेक्ष आहे काय? नोव्हेंबर १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे दिल्लीत आले आणि तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचे मोठे पीक घेण्याची भाषा त्यांनी उघडपणे केली. पीक म्हटले, की मोजदाद आली. आजारी माणसाच्या उशाशी बसून ज्याच्या मनात संख्येची मोजदाद चालते, त्याच्या हातातील औषध ही सेवा नव्हे, तो सौदा आहे. गांधीजींनीही १९३१ मध्ये हेच बजावले होते, की रुग्णसेवा आणि शिक्षण यांचा उपयोग धर्मांतरासाठी करू नये.

कायदाही संदिग्ध नाही. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य दिले आहे. मात्र दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. पर्यटक व्हिसावर येऊन धर्मप्रचार करता येत नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा आहे. हा नियम धाब्यावर बसवला, की काय होते? २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये जॉन चाऊ हा अमेरिकी तरुण पर्यटक म्हणून आला आणि कोळ्यांना पैसे देऊन निषिद्ध उत्तर सेंटिनेल बेटावर प्रचारासाठी उतरला. त्यात त्याचा जीव गेला, कोळी मात्र गजाआड झाले. बाहेरच्या रोगांना प्रतिकारशक्ती नसलेल्या त्या वनवासी बांधवांच्या जिवाचा विचार त्याला पाठवणाऱ्यांनी केला होता काय?

प्रार्थनेने रोग बरे करण्याचे दावे हा आणखी एक प्रकार. मानवतकरांना हे वेगळे सांगायला नको. १९७२ पासून गुप्तधनाच्या लालसेपायी येथे मुलींचे आणि स्त्रियांचे जे बळी गेले, त्याने अवघा महाराष्ट्र हादरला होता. चमत्काराच्या नावाने फसवणारा भगव्यात असो वा पांढऱ्या झग्यात, २०१३ च्या कायद्याचा बडगा दोघांवर सारखाच पडला पाहिजे.

उत्तर दगडात नाही

येथे एक गोष्ट नि:संदिग्धपणे सांगितली पाहिजे. गावातला ख्रिस्ती शेजारी आपलाच आहे. तो मराठीत बोलतो, त्याच पावसाची वाट पाहतो. आणि १९९९ च्या जानेवारीत ओरिसातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स व त्यांच्या दोन कोवळ्या मुलांना जाळून मारण्याचे जे कृत्य घडले, ते अधर्मच होते. नियमभंग दिसला तर पोलिसांत तक्रार करावी. कोणाच्या अंगाला हात लावू नये.

खरे उत्तर सदाशिवराव कात्रे यांनी दिले. त्यांना स्वतःला कुष्ठरोग झाला होता. मिशनच्या कुष्ठालयात उपचार घेताना रुग्णांच्या धर्मांतराचा प्रकार त्यांना अस्वस्थ करून गेला. त्यांनी दगड उचलला नाही. १९६२ मध्ये चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघ उभा केला. पुढे अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट तेथे गेले, ते परत आलेच नाहीत. रुग्णांच्या जखमा धुण्यात त्यांनी जन्म घातला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये ते गेले. त्यांनी कोणाला नाव बदलायला सांगितले नाही. दहा दिवस आणि चार दशकांहून अधिक काळ, यातले अंतर हेच सेवेचे माप.

तेव्हा बंधू-भगिनींनो, परक्यावर बोट दाखवणे सोपे आहे. आमच्या वस्तीतील मूल परक्याच्या गाण्याकडे धावते, कारण त्याच्याशी खेळायला आम्ही गेलेलो नसतो. ज्या पाणवठ्यावर, ज्या पंगतीत आम्ही आपल्याच बांधवाला दूर बसवले, तेथूनच तो दूर गेला. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी सहा महिने अभ्यासिका चालवणे, आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या घरी वर्षभर जात राहणे, वस्तीवरील म्हातारीची गोळी चुकू न देणे, ही कामे विमानाने येऊन होत नाहीत. ती शेजारी राहणाऱ्यालाच करता येतात. शेजारी तर आपण आहोत!