भात सोडायचा की कॅलरी मोजायच्या?



केंद्राच्या शिक्षण परिषदेला गेलात तर जेवणाच्या सुट्टीत दोन गट हमखास दिसतील. एका गटाने भात-पोळी सोडलेली असते. त्यांच्या डब्यात काकडी, पनीर आणि उकडलेली अंडी. दुसऱ्या गटाच्या हातात मोबाईल, त्यात ॲप, आणि प्रत्येक घासाचा हिशोब. दोघांनाही वजन कमी करायचं आहे आणि दोघांनाही वाटतं की समोरचा चुकतोय. मागे 'दीक्षित की दिवेकर' यावरून घराघरांत जशा चर्चा रंगल्या होत्या, तसंच हे.

मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. पण परिसर अभ्यासात मुलांना अन्नघटक शिकवते आणि शालेय पोषण आहाराच्या तांदूळ-डाळीचा हिशोब रोज लिहिते. त्यातून आणि थोड्याफार वाचनातून माझं एक मत झालं आहे. आपल्या मराठी ताटापुरता हा वाद खोटा आहे. कॅलरीचा नियम खरा आहे, पण तो हिशोब आपल्या स्वयंपाकघरात नीट मांडता येत नाही. आणि कर्बोदके कमी करण्याची दिशा आपल्यासाठी बरोबर आहे, पण ती परदेशी ताटाची नक्कल करून साधणार नाही.

आधी कॅलरीचं बघू. कॅलरी म्हणजे अन्नातली ऊर्जा मोजण्याचं एकक. १ ग्रॅम कर्बोदकांपासून ४ कॅलरी, १ ग्रॅम प्रथिनांपासूनही ४ आणि १ ग्रॅम स्निग्ध पदार्थांपासून ९ कॅलरी मिळतात. (शास्त्रात हिला किलोकॅलरी म्हणतात, बोलताना आपण नुसतं कॅलरी म्हणतो.) हे आकडे अमेरिकेतल्या विल्बर ॲटवॉटर या शास्त्रज्ञाच्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी केलेल्या कामातून आले. खर्चापेक्षा कमी ऊर्जा पोटात गेली तर शरीर साठवलेली चरबी वापरतं. यात वाद नाही. भात सोडून कुणी बारीक झालं, तरी ते या नियमाच्या बाहेर जाऊन झालेलं नसतं.

अडचण मोजण्यात आहे. पाकिटावर छापलेलं अन्न खाणाऱ्याला ॲप सोपं जातं. आपल्याकडे वांग्याच्या भाजीत तेल किती पडलं हे फोडणी घालणारीलाच माहीत, आणि तिनेही ते मोजलेलं नसतं. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. तर्री असलेल्या रश्श्याची एक वाटी आणि साध्या वरणाची एक वाटी ॲपवर 'एक वाटी' म्हणूनच जाते. पुन्हा माणूस स्वतःच्या खाण्याची नोंद कमीच करतो. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटा अभ्यास आला होता. "आम्ही कमी खातो तरी वजन उतरत नाही" असं सांगणारी स्थूल माणसं त्यात होती. तपासल्यावर दिसलं की त्यांनी आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं. ती खोटारडी नव्हती. चव बघताना खाल्लेलं, मुलाच्या ताटात उरलेलं, लग्नाघरचा लाडू, हे सगळं 'खाणं' म्हणून लक्षातच राहत नाही.

तरी मोजणं अगदी निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. आठवडाभर मोजून बघा, डोळे उघडतात. दिवसातून पाच कप चहा, कपाला दोन चमचे साखर. चमचा ५ ग्रॅमचा धरला तर दिवसाला ५० ग्रॅम साखर झाली, म्हणजे २०० कॅलरी. साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीएवढ्या! भाकरी सोडलेल्या माणसाने चहा मात्र तसाच ठेवलेला मी पाहिला आहे.

आता कर्बोदकांचं. लोकांना वाटतं हे खूळ नवीन आहे. तसं नाही. लंडनच्या विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थाने १८६३ साली एक पुस्तिका काढली होती. डॉक्टरांच्या सल्ल्याने पाव, साखर, बिअर, बटाटे सोडल्यावर आपलं वजन कसं उतरलं, हे त्याने त्यात सांगितलं. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांचं पुस्तक गाजलं. आजचं कीटो हे त्याच घराण्यातलं. कर्बोदके एकदम बंद केली की पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली येतो आणि माणूस हरखतो. पण त्यात बरंचसं पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनबरोबर पाणीही धरलेलं असतं, ग्लायकोजेन संपला की ते निघून जातं. भात परत सुरू केला की ते परतही येतं.

मग दोन्हींत सरस कोण? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ जणांवर वर्षभर प्रयोग केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना कर्बोदके कमी करायला सांगितली, निम्म्यांना स्निग्ध पदार्थ. वर्षाअखेर पहिल्या गटाचं वजन सरासरी ६ किलो उतरलं, दुसऱ्याचं ५.३ किलो. म्हणण्यासारखा फरक नाहीच. मला यात दोन गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात. एक, कुणालाही कॅलरींचा आकडा ठरवून दिलेला नव्हता. दोन, दोन्ही गटांना एक सल्ला सारखाच होता: साखर आणि मैदा कमी करा, भाज्या भरपूर खा, शक्यतो घरी रांधलेलं खा. भांडणाऱ्या दोन्ही पक्षांनी हा समान भाग कधी मोठ्याने सांगितलेला ऐकलाय?

पण तो प्रयोग अमेरिकेतल्या ताटावरचा. आपलं ताट वेगळं आणि शरीरही थोडं वेगळं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! वरून सडपातळ, आतून चरबी जास्त. म्हणून आपल्याकडे नुसत्या वजनकाट्यावर भरवसा ठेवू नये. शिंप्याची टेप घ्या आणि पोट मोजा. पुरुषांचं ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांचं ८० च्या वर गेलं असेल, तर काटा काही म्हणो, लक्ष द्यायची वेळ आलेली आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या स्टाफरूममध्ये बिनसाखरेचा चहा किती जणांसाठी येतो ते मोजा, म्हणजे आकडा खरा वाटेल.

याच पाहणीच्या २०२५ मध्ये आलेल्या आहारावरच्या अहवालात दिसतं की आपल्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. आणि एक गोष्ट तर आपल्या मनाविरुद्ध जाणारी आहे. नुसता पॉलिश केलेला तांदूळ सोडून तेवढीच गव्हाची पोळी किंवा ज्वारी-बाजरीची भाकरी खाल्ली, एकूण कर्बोदके तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. थोडी कर्बोदके काढून त्या जागी डाळी, दूध-दही यांसारखी प्रथिने घेतली तर मात्र दिसला. मला स्वतःला ज्वारीची भाकरी फार आवडते, तिच्यात चोथाही चांगला असतो. पण "भाकरी आहे, कितीही खा" हे आपल्याकडचं वाक्य काही खरं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: धान्यातून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा नको.

आता हे ताटात कसं आणायचं? समजा दुपारी दोन भाकरी, मोठी वाटी भरून म्हणजे २०० ग्रॅम शिजलेला भात, बटाट्याची भाजी आणि पातळ आमटी असं जेवण आहे. यात धान्यच धान्य, आणि भाजी म्हणून बटाटा, तोही पिष्टच. यातली एक भाकरी आणि अर्धा भात कमी करा. सुमारे ३३० कॅलरी गेल्या. त्या जागी मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम मटकीची उसळ छोटा चमचा तेलात करून घ्या. १४० कॅलरींच्या आसपास आल्या आणि ७ ग्रॅम प्रथिने मिळाली. बटाट्याऐवजी मेथी, गवार, दोडका, जे बाजारात स्वस्त असेल ते. एका जेवणात १९० कॅलरी कमी झाल्या, कर्बोदकेही कमी झाली आणि पोट भरलेलं राहिलं. सांगा बघू, हे लो-कार्ब झालं की कॅलरी मोजणं झालं? वादच उरत नाही. पनीर, बदाम, ॲव्होकॅडो परवडत नसतील तर नका आणू. मटकी, हरभरा, चवळी, कुळीथ, ताक, अंडं हे आपल्याकडे गावच्या दुकानातही मिळतं. शेंगदाणेही चांगले, फक्त बचकाभर नकोत, कारण १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात.

एक विषय काढावाच लागेल, उपवासाचा. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण "आज उपवास, म्हणजे पोटाला आराम" असं म्हणत आपण साबुदाण्याची खिचडी खातो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिने नावालाच. वर बटाटा आणि तूप. एकादशीला दुप्पट खाशी, ही म्हण उगाच नाही पडली.

हे सगळं धडधाकट मोठ्या माणसांसाठी चाललं आहे, हे कृपया लक्षात घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि तुम्ही एकदम भात-पोळी बंद केली, तर रक्तातली साखर धोक्याच्या खाली उतरू शकते. चक्कर, घाम, बेशुद्धीपर्यंत गोष्ट जाते. आधी डॉक्टरांशी बोला, ते औषधाचा डोस बदलतील. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने आपल्या मनाने वाढवू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी या भानगडीत पडूच नये.

आणि मुलांना तर यात मुळीच ओढू नका. चौथीतली मुलगी डबा उघडून "यात किती कॅलरी?" असं विचारते तेव्हा मला काळजी वाटते. ते तिने घरातच ऐकलेलं असतं. वाढत्या मुलाला ऊर्जा लागते. त्याचा भात काढायचा नाही, त्याच्या भातासोबत काय येतं ते बघायचं. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने द्यायची असतात. त्यासाठी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. हिशोब केला तर पाऊण हिस्सा ऊर्जा एकट्या तांदळातून येते. म्हणजे मोठ्यांच्या ताटातला दोष इथेही आहेच, फक्त इथे तांदूळ कमी न करता डाळ आणि अंडं वाढवायला हवं. २०२३ मध्ये राज्यात आठवड्यातून एकदा अंडं, आणि न खाणाऱ्यांना केळं, सुरू झालं होतं. २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा वेगळा निधी शासनाने थांबवला आणि लोकसहभागातून सोय करा असं सांगितलं. माझ्या मते हा निर्णय फिरवायला हवा. लोकसहभाग जिथे पैसा आहे तिथेच होतो, आणि अंड्याची गरज नेमकी जिथे पैसा नाही तिथे असते. तोवर आम्ही शाळेत एवढंच करतो की ज्या दिवशी मोड आलेल्या कडधान्याची उसळ असते, त्या दिवशी वाढताना पळी खालपर्यंत घालून वाढायला सांगतो, म्हणजे नुसता रस्सा ताटात न पडता मटकीही पडते.