दहावीचे प्रमाणपत्र आणि परदेशातील करारपत्र

दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या परिसरात वाढणाऱ्या मुलांना ‘परमिट’ हा शब्द नवा नाही. परमिट मिळाल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही, हे त्यांनी घरीच ऐकलेले असते. याच परिसरातील फिटर, वेल्डर तरुण आता आखाती देशांकडे डोळे लावून बसतात. व्हिसा आणि पगार यांची चौकशी सारेच करतात. तेथील सुरक्षेचे नियम कोणते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

शिक्षक म्हणून एक विसंगती आम्हांस अस्वस्थ करते. 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी न झालेला कामगार आखाती देशात निघाला, तर सर्वसाधारणपणे त्याला शासकीय परवानगी लागते आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा 10 लाख रुपयांचा विमा घ्यावा लागतो. दहावी उत्तीर्ण तरुणाला या परवानगीतून सूट आहे. म्हणजे आमचे प्रमाणपत्र हाती पडताच त्याच्यावरील हे छत्र दूर होते. शिकलेला माणूस आपला करार स्वतः वाचील, असे शासन गृहीत धरते. आम्ही त्याला तो वाचावयास शिकविले आहे काय?

उष्णतेचेच उदाहरण घ्या. भुसावळचा उन्हाळा सोसलेल्या मुलाला वाटते, आपल्याला उन्हाचे काय भय! परंतु आखाती किनाऱ्यावरील दमट हवेत घाम लवकर सुकत नाही आणि शरीर थंड होत नाही. म्हणूनच संयुक्त अरब अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी 12.30 ते 3 पर्यंत, काही अपवाद वगळता, उघड्यावर काम करून घेण्यास मनाई आहे. कतारमध्ये 2021 च्या निर्णयाने, उष्णतेमुळे जिवाला धोका आहे असे रास्त कारणाने वाटल्यास काम थांबविण्याचा हक्कही मिळाला. हे ठाऊक नसलेला मुलगा मुकादमाच्या एका हाकेसरशी भर दुपारी परांचीवर चढतो.

कर्ज काढून गेलेला मुलगा तेथे तोंड कसे उघडणार, असा आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे. म्हणूनच प्रश्न निघण्यापूर्वी विचारावयाचे असतात. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क 30,000 रुपये व त्यावरील कर एवढेच घेता येते. त्याहून अधिक मागणाऱ्याला तेथेच अडविले पाहिजे. करार समजणाऱ्या भाषेत आहे काय, अपघात झाल्यास उपचार व भरपाई कोणाकडे, याची उत्तरे लेखी हवीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. धनबादच्या कोळसा खाणीत त्यांनी स्वतः उतरून कामगारांची स्थिती पाहिली. 1946 च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांत कामाचा आठवडा 48 तासांचा झाला. कामगाराची सुरक्षितता हा मालकाचा उपकार नसून हक्क आहे, हा या इतिहासाचा बोध होय. हक्क मात्र जाणत्यालाच मागता येतो.

निवासी शाळांनी नववी-दहावीला आठवड्यातून एक तास करारपत्र, सुरक्षाफलक आणि हक्क यांच्या वाचनासाठी द्यावा. विद्युत केंद्रातील निवृत्त कामगारांना त्यासाठी वर्गात बोलवावे. आमचा विद्यार्थी परदेशी जावो, भरपूर कमावो. पण धडधाकट परत येवो. शाळेच्या निकालात याचीही गणना व्हावी.