बारा व्होल्टानं का होते?

रविवारी एकोडीहून धाकट्या चुलतभावाचा फोन आला. स्वारी खुशीत होती. दोन मित्रांना सोबत घेऊन एक जुनी मोटरबोट घ्यायचं चाललंय म्हणे. आपला जिल्हा तलावांचा, त्यात गोसीखुर्दचं एवढं मोठं पाणी, पर्यटक येणारच... मी सहज विचारलं, "बॅटरीला कट-ऑफ स्विच आहे का?" पलीकडून हसण्याचा आवाज. "बारा व्होल्टानं का होते गा दादा? चावी काढली का बंद!"

तेव्हापासून हे वाक्य डोक्यात घुमतंय. कारण ते आमच्या घरात आधी एकदा बोललं गेलं आहे.

घरच्यांना मोठेबाबांचा ट्रॅक्टर आठवत असेल. धानाची मळणी झाली होती, ट्रॅक्टर मांडवात, शेजारी तणसाचा ढीग. पहाटे सगळं पेटलेलं. नंतर मेकॅनिकनं बॅटरीपासून स्टार्टरकडे जाणारी जाड तार दाखवली. चेसिसवर घासून घासून तिचं आवरण गेलं होतं. चावी मात्र घरात खुंटीवर शाबूत!

मुद्दा इथेच आहे. चावी म्हणजे मेन स्विच नव्हे. चावी काढली तरी ती जाड तार रात्रंदिवस जिवंत असते, आणि बहुतेक गाड्यांत तिला फ्यूजही नसतो. बारा व्होल्टानं शॉक बसत नाही, हे खरं. पण माणूस शॉकनंच मरतो असं कोणी सांगितलं? ट्रॅक्टरची बॅटरी स्टार्टरला शेकडो अँपिअर देते. तेवढाच प्रवाह उघड्या तारेतून लोखंडात गेला की तार लाल होते. बॅटरीच्या दोन टोकांवर चुकून पाना पडलेला ज्यानं पाहिलाय, तो पुन्हा "बारा व्होल्टानं काय होतं" म्हणणार नाही.

आता हेच बोटीत बघा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. रस्त्यावरच्या गाडीखालून ती निघून तरी जाते; बोट म्हणजे वाडगा, वाफ तळाशी साचून राहते. तिथे एक ठिणगी पुरते. शिवाय ट्रॅक्टर पेटला तर उडी मारून पळता येतं. तलावाच्या मधोमध कुठे पळणार? अमेरिकेतल्या बोटबांधणीच्या नियमांत, काही अपवाद सोडता, बॅटरीपासून 7 इंचांच्या आत फ्यूज हवा. स्टार्टरच्या तारेला मात्र तिथेही फ्यूजची सक्ती नाही. म्हणजे त्या तारेला तोडणारा एकच उपाय उरतो, तो म्हणजे हाताशी असलेला स्विच. इंजिनाच्या कप्प्यात दडवलेला नव्हे, कारण आग तिथेच असणार.

भावाच्या मित्रांचे आक्षेपही ऐकले. रात्री स्विच बंद केला तर तळाचं पाणी उपसणारा पंप बंद पडेल आणि बोट बुडेल. बरोबर! म्हणून त्या पंपाची तार स्विचच्या आधीच, स्वतःच्या फ्यूजमधून घ्यायची असते. चालू इंजिनात कोणी स्विच फिरवला तर अल्टरनेटर जळतो. हेही खरं. मग तसं तिथे ठळक मराठीत लिहून ठेवा. आग लागली तर मात्र अल्टरनेटरची फिकीर करू नका. आणि खर्च? लाखांच्या बोटीपुढे तो स्विच किरकोळ आहे.

खरं सांगू, राग पैशाचा नाही. राग त्या 'शॉर्ट सर्किट' शब्दाचा आहे. आपल्याकडे तो शब्द कारण म्हणून येतच नाही, फाईल बंद करायचा शिक्का म्हणून येतो. जणू वीज पडली, देवाची मर्जी. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या विभागाला आग लागली, 10 बाळं गेली. आपल्याच जिल्ह्यात. त्यानंतरही आपण "शॉर्ट सर्किट झालं असेल" म्हणून चहाचा पुढचा घोट घेत असू, तर काय बोलावं? तार घासते, कारण ती कोणी बांधलेली नसते. फ्यूज उडत नाही, कारण त्या जागी कोणीतरी तार गुंडाळलेली असते. प्रत्येक शॉर्ट सर्किटच्या मागे कोणाचा तरी "का होते गा?" असतो.

मोठेबाबा हे वाचतील आणि रागावतील, ठाऊक आहे. पण त्या पहाटे मांडवात फक्त ट्रॅक्टर होता, माणूस नव्हता, हे आपलं नशीब. बोटीत माणसं असतील, दुसऱ्यांची लेकरं असतील.

असो. भावा, स्विच मी पाठवतो, माझ्याकडून बोटीला आहेर समज. तो बसवून फोटो पाठव. तोवर तुझ्या बोटीत मी पाय ठेवणार नाही, आणि घरातल्या कोणाला ठेवूही देणार नाही.