लवकर मावळणारा सूर्य

वाचकहो, आपले अपत्य स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे शिकावयास निघाले असेल, तर लोकरी कपड्यांइतकीच उन्हाच्या उणिवेचीही तजवीज करावी. १४१३ पासून विद्यापीठ नांदत असलेले हे छोटे सागरतीरी नगर ५६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात तेथे दुपारी पावणेचारच्या आतच सूर्य मावळतो. म्हणून ब्रिटनची आरोग्यसेवा शरद व हिवाळ्यात सर्वांना रोज १० मायक्रोग्रॅम ‘ड’ जीवनसत्त्व घेण्याचे सुचविते. सावळ्या वर्णाच्या व्यक्तींना तर वर्षभर.

अंधारासोबत एकटेपणाही येतो. फोनवरील ‘मी बरी आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. झोप कशी लागते, जेवण कोणासोबत होते, दिवसाउजेडी बाहेर पडणे होते का, हे आपुलकीने विचारा. दुपारी वेस्ट सँड्सच्या वाळूवर चालणे, रविवारी लाल झगे घालून फिरणाऱ्या विद्यार्थ्यांत मिसळणे, हेही पथ्यच होय. पोहोचताच स्थानिक डॉक्टरांकडे नोंदणी करावयास सांगा. आजारपणाची वाट पाहू नये. उदासी दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळली, तर ती केवळ घरची ओढ समजू नका. डॉक्टरांचा सल्ला घ्यावयास लावा.