झडपा हलतात, पण इंजिन थंड होते का?

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५०,००० अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची घोषणा झाली. आधीच्या सुमारे १०,००० लॅबच्या तुलनेत ही झेप मोठी आहे आणि तिचे स्वागतच व्हायला हवे. मात्र संख्या ठरली तरी एक प्रश्न मागे उरतो. या लॅबमध्ये तयार होणारी वस्तू 'चालते' असे कोणत्या कसोटीवर म्हणायचे? या प्रश्नाचे एक नेमके उत्तर आडवाटेच्या एका छंदात सापडते. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांची मोठी रेडिओ-नियंत्रित प्रतिरूपे बांधणे हा तो छंद. त्यातही इंजिनाच्या आवरणावरील झडपा, म्हणजेच काउल फ्लॅप, खरोखर कार्यरत करणे हा त्याचा विशेष अवघड भाग.

प्रथम या झडपांचे प्रयोजन. थंडरबोल्ट, कोर्सेअर, हेलकॅट ही त्या काळातील नामांकित अमेरिकी लढाऊ विमाने. तिघांतही प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे आर-२८०० हे इंजिन होते. दोन वर्तुळाकार रांगांत १८ सिलिंडर, सुमारे ४६ लिटर क्षमता आणि २,००० अश्वशक्तीच्या आसपास किंवा त्याहून अधिक शक्ती. ते थंड करण्यासाठी पाणी नव्हते, केवळ हवा होती. सिलिंडरवरील पातळ धातूच्या पात्यांमधून, म्हणजे फिनमधून, वाहणारा वारा उष्णता वाहून नेत असे. असे इंजिन उघडे ठेवले की ते वाऱ्याला प्रचंड अडथळा करते. अमेरिकेच्या लँगली प्रयोगशाळेत १९२८ मध्ये फ्रेड वाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, इंजिन नीट घडवलेल्या आवरणात बंद केले तर हा अडथळा मोठ्या प्रमाणात घटतो आणि हवेला योग्य मार्ग दिल्यास इंजिन थंडही राहते. लॉकहीड एअर एक्स्प्रेस विमानावर असे आवरण चढवल्यावर त्याचा कमाल वेग ताशी १५७ मैलांवरून १७७ मैलांवर गेला. इंजिनाची शक्ती तीच राहिली होती. १९२९ ची कोलियर ट्रॉफी या कामाला मिळाली.

परंतु आवरणाने एक नवा प्रश्न निर्माण केला. धावपट्टीवर आणि चढाई करताना इंजिन पूर्ण जोर लावते, तेव्हा विमानाचा वेग कमी असतो आणि हवा अपुरी पडते. सपाट, वेगवान उड्डाणात नेमके उलटे घडते. हवा गरजेपेक्षा जास्त येते आणि तिचा भार विमानाला ओढावा लागतो. दोन्ही अवस्थांना एकच मार्ग पुरत नाही. म्हणून आवरणाच्या मागच्या कडेला झडपा आल्या. त्या उघडल्या की हवेला बाहेर पडण्याची वाट रुंदावते. शिवाय बाहेरचा प्रवाह झडपांवरून वळताना त्यांच्या मागे कमी दाबाचा प्रदेश तयार होतो आणि तो आतली हवा खेचून घेतो. हवा पुढून आत येत असली तरी तिचा नळ मागे असतो, ही या रचनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वैमानिक झडपा मिटायला विसरला तर वेग गमावतो; उघडायला विसरला तर इंजिन गमावतो.

अमेरिका, ब्रिटन आणि युरोपातील अनेक छांदिष्ट या विमानांची भव्य प्रतिरूपे बांधतात. या क्षेत्रातील प्रचलित संकेतानुसार एकपंखी प्रतिरूपाचा पंखविस्तार ८० इंच किंवा अधिक असला की ते 'जायंट स्केल' मानले जाते. मूळ थंडरबोल्टचा विस्तार सुमारे १२.४ मीटर, म्हणून त्याचे पंचमांश प्रतिरूप जवळजवळ अडीच मीटरचे होते. वजन साधारण पंधरा ते वीस किलो आणि नाकात पेट्रोलवर चालणारे खरेखुरे इंजिन. अशा प्रतिरूपावर झडपा बसवण्याचे काम वरकरणी किरकोळ वाटते. प्रत्यक्षात त्यात भूमिती, यंत्ररचना आणि उष्णताशास्त्र एकापाठोपाठ एक परीक्षा घेतात.

पहिली परीक्षा भूमितीची. झडपा वर्तुळावर बसतात, बिजागरी मात्र सरळ रेषेतच फिरते. त्यामुळे प्रत्येक झडपेचा अक्ष शेजारच्या झडपेच्या अक्षापेक्षा वेगळ्या दिशेला असतो. झडप ४० मिलिमीटर लांब असून ३० अंशांत उघडली, तर तिची मागची कड २० मिलिमीटर बाहेर सरकते. कडांच्या वर्तुळाचा परीघ त्यामुळे सुमारे १२६ मिलिमीटरने वाढतो. गंमत अशी की, आवरणाचा व्यास कितीही असला तरी ही वाढ तेवढीच राहते. वर्तुळभर १६ झडपा धरल्या तर प्रत्येक दोन झडपांमध्ये जवळजवळ ८ मिलिमीटरची फट पडते. काही मूळ विमानांत ही फट झाकण्यासाठी झडपांच्या मध्ये सरकती पातळ पाने असत. प्रतिरूपात तीही करायची, तर कामाचे तास दुप्पट होतात.

दुसरी परीक्षा यंत्ररचनेची. एक पद्धत अशी की, सर्व झडपांमधून एकच बारीक तार ओवायची. स्प्रिंग झडपा उघडते आणि तार ताणली की त्या मिटतात. दुसऱ्या पद्धतीत आवरणाच्या आत एक कडे बसवतात. सर्व्हो मोटर ते पुढे-मागे सरकवते आणि छोट्या दांड्या ती हालचाल प्रत्येक झडपेपर्यंत पोचवतात. झडपेचा आतला दांडा १२ मिलिमीटरचा असेल, तर ३० अंशांसाठी कडे सुमारे ६ मिलिमीटर सरकावे लागते. यासाठी जोर किती लागेल? आवरणाचा व्यास २८ सेंटिमीटर आणि वेग सेकंदाला ३० मीटर धरला, तर वाऱ्याचा दाब सुमारे ५४० पास्कल होतो. सर्व झडपांवर मिळून पडणारे बल जास्तीत जास्त दोन किलोच्या वजनाइतके आणि बिजागऱ्यांभोवतीचा पिळ चार किलोग्रॅम-सेंटिमीटरच्या घरात येतो. साध्या सर्व्होच्या आवाक्यातले हे काम आहे.

तरीही झडपा अडकतात, कारण अडचण वाऱ्यापेक्षा घर्षणात असते. कडे एकाच बाजूने ढकलले की ते किंचित तिरपे होते आणि रुतून बसते. सोळा बिजागऱ्यांपैकी एक जरी अक्षातून हलली तरी उरलेल्या पंधरांना तिचा जाच होतो. कागदावरचे गणित बरोबर असते. ते ज्या गृहीतकांवर उभे असते ती कारागिराला कानशीने घासून खरी करावी लागतात.

अखेर एके दिवशी झडपा एकसाथ, संथपणे उघडतात. मैदानावर जमलेले लोक टाळ्या वाजवतात, चित्रफिती काढल्या जातात. बहुतेकांच्या दृष्टीने काम येथे पूर्ण होते. वास्तविक खरा प्रश्न येथून सुरू होतो. झडपा हलल्या, पण इंजिन थंड झाले का?

पुष्कळदा उत्तर 'नाही' असे असते. आवरणाचे तोंड मोठे, आत इंजिन लहान आणि सभोवती मोकळी जागा अशी रचना असली की हवा फिनना स्पर्श न करता बाजूने निसटते. झडपा उघडल्या की ही निसटणारी हवा अधिक सहज बाहेर पडते आणि इंजिन तापलेलेच राहते. त्यावरचा उपाय प्रेक्षकांना दिसतही नाही. आवरणाच्या आत पातळ प्लायवुडचे किंवा फायबरचे आडपडदे बसवायचे आणि सिलिंडरभोवती अगदी थोडी फट ठेवायची, म्हणजे आत आलेल्या हवेला फिनमधूनच जावे लागते. अशा रचनेत कमी हवेत अधिक शीतलन होते आणि मगच मागच्या झडपांना अर्थ प्राप्त होतो. झडप ही आडपडद्यांवाचून शोभेची वस्तू, आणि आडपडद्यांसह ती नियंत्रणाचे साधन.

या दोहोंतील फरक डोळ्यांना कळत नाही. तो तापमापकाला कळतो. स्पार्क प्लगखाली एक लहान संवेदक बसवून, तेवढ्याच थ्रॉटलवर, झडपा मिटलेल्या आणि उघड्या ठेवून नोंदी घ्याव्या लागतात. दोन आलेख वेगळे आले तर झडपा काम करतात. ते एकमेकांवर बसले तर त्या केवळ हलतात. भारतीय हवामानात ही कसोटी अधिकच कडक होते. सिलिंडरच्या डोक्याचे तापमान १५० अंश सेल्सिअस मानले, तर १५ अंशांच्या हवेत फरक १३५ अंशांचा असतो. विदर्भातल्या मे महिन्यातील ४३ अंशांच्या दुपारी तो १०७ अंशांवर येतो. उष्णता वाहून नेणारा आधारच एक पंचमांशाने खचतो. थंड देशात खपून गेलेली उणीव येथे लगेच उघडी पडते.

भारताला ही विद्या परकी नाही. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना झाली. महायुद्धानंतर कानपूरला निकामी करून टाकून दिलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमाने याच कंपनीच्या तंत्रज्ञांनी पुन्हा उडण्याजोगी केली आणि भारतीय वायुसेनेने ती १९६८ पर्यंत वापरली. त्या प्रत्येक विमानाला हवेने थंड होणारी चार इंजिने होती आणि प्रत्येक इंजिनाला झडपा. त्या दुरुस्तीचे परीक्षण टाळ्यांनी झाले नाही, उड्डाणाने झाले. कोल्हापूर जिल्ह्यातून गॉटिंगेनला जाऊन लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेल्या विष्णू माधव घाटगे यांनी पुढे याच संस्थेत एचटी-२ हे प्रशिक्षण विमान साकारले. प्रवाहशास्त्राचे सूत्र आणि कारखान्यातील पत्रा यांच्यात त्या पिढीने भिंत उभी केली नव्हती.

आज ती भिंत शाळेपासूनच उभी राहते. विज्ञान प्रदर्शनांतील नेहमीचे दृश्य आठवावे. सिरिंजवर चालणारा हात वाकतो, रेषेवरून गाडी धावते, दिवा लागतो, परीक्षक मान डोलावून पुढच्या टेबलाकडे वळतात. हात किती वजन उचलतो, किती वेळा उचलल्यावर गळतो, विद्यार्थ्याचा अंदाज काय होता आणि तो किती चुकला, हे क्वचितच विचारले जाते. तयार संच जोडून वस्तू हलवता येते. ती का हलते आणि हलून काय साधते, हे मात्र मोजल्यावाचून कळत नाही. एका लॅबसाठी वीस लाख रुपयांपर्यंतचे अनुदान देणाऱ्या योजनेने हा प्रश्न विचारायलाच हवा.

यावर काही आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. अशी प्रतिरूपे महाग असतात आणि पेट्रोल इंजिन शाळेत नेणे धोक्याचे आहे. पण धडा शिकण्यासाठी विमानाची गरज नाही. फिन असलेला ॲल्युमिनियमचा एक ठोकळा, त्यात सुरक्षितपणे बसवलेला लहान विद्युत तापक, संगणकातील पंखा, पुठ्ठ्याचे आवरण, मागे चार झडपा आणि एक तापमापक एवढ्यावर हा संपूर्ण प्रयोग उभा राहतो. पुढच्या टप्प्यावर उडवायचेच असेल, तर २०२१ च्या ड्रोन नियमांनी शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या प्रतिरूपांना टाइप सर्टिफिकेटच्या अटीतून मोकळे केले आहे. मुलांसमोर युद्धविमानांचाच आदर्श का, असाही प्रश्न येईल. तर १९४७ च्या ऑक्टोबरात श्रीनगरला सैनिक उतरवणारे आणि एरवी प्रवासी वाहणारे डाकोटाही याच झडपा वापरत असे. उष्णतेला गणवेश कळत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. नव्या लॅबमधील प्रत्येक प्रकल्पाला गुण देताना निम्मे गुण वस्तूला द्यावेत आणि निम्मे मोजणीला. मोजणीच्या गुणांसाठी आधी लिहून ठेवलेला अंदाज, प्रत्यक्ष नोंदी आणि दोहोंतील तफावतीचे स्पष्टीकरण ही तीन पाने सक्तीची असावीत. अंदाज चुकला म्हणून गुण कापू नयेत. तफावत लपवली तर जरूर कापावेत. शिक्षकांच्या प्रशिक्षणातही संच जोडण्यापेक्षा नोंदवही वाचण्याला अधिक वेळ मिळावा. यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही. परीक्षकाने टेबलासमोर आणखी पाच मिनिटे थांबून एक प्रश्न विचारावा, एवढेच पुरेसे आहे.

पन्नास हजार खोल्यांतील लाखो मुले उद्या काहीतरी हलवून दाखवतील. त्यांतील ज्या मुलीची झडप उघडूनही ठोकळा थंड झाला नाही, आणि जी निराश न होता पुठ्ठ्याचा आडपडदा कापायला बसली, तिच्या हातात त्या दिवशी विज्ञान आलेले असेल. तिची नोंदवही उघडून पाहणारा कोणी तेथे असला पाहिजे.