गर्भाचे अहित : उत्तरदायी कोण?

गर्भिणीची चिकित्सा करताना वैद्यापुढे रुग्ण एक दिसतो, पण असतात दोन. सुश्रुताने चौथ्या महिन्यात तिला दौहृदिनी, म्हणजे दोन हृदयांची, म्हटले ते याच जाणिवेने. चरकाने शारीरस्थानात गर्भोपघातकर भाव सविस्तर सांगितले आणि तेलाने काठोकाठ भरलेले पात्र जसे न हिंदकळू देता न्यावे, तसे गर्भिणीला जपावे असे बजावले. गर्भाचे अहित टाळण्याची शिकवण आपल्याला बाहेरून घ्यावी लागलेली नाही. तरीही या विषयावर लिहावे लागते, याचे कारण 'मुलगा होण्याचे औषध' हे आहे.

शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे बीड जिल्ह्यात २००१ साली ८९४ मुली होत्या. २०११ च्या जनगणनेत ही संख्या ८०७ वर आली. आपल्या जिल्ह्यात ती ८५८ होती. २०१२ साली परळीचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा लोकांचा रोष सोनोग्राफी आणि गर्भपात केंद्रांवर गेला व तो योग्यच होता. मात्र दीड-दोन महिन्यांच्या गर्भिणीला दुधाबरोबर दिल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुडीची चर्चा फारशी झाली नाही.

या पुडीचे समर्थन पुंसवनविधीचा आधार घेऊन केले जाते. संहितेत हा विधी आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण लिंग व्यक्त होण्यापूर्वीच तो करावा, ही अटही तेथेच आहे. आणि लिंगनिश्चिती गर्भधारणेच्या वेळीच पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्राने होते, हे आपला प्रत्येक पदवीधर शिकलेला आहे. तेव्हा पुडीने मुलीचा मुलगा होणार नाही. परंतु ज्या आठवड्यांत ती दिली जाते, त्याच आठवड्यांत गर्भाचे हृदय, मेंदू आणि हातपाय घडत असतात. हरियाणात झालेल्या अभ्यासात अशी औषधे घेतलेल्या मातांच्या बालकांमध्ये जन्मजात व्यंगांचा धोका सुमारे तिप्पट आढळला. तेथे वापरल्या जाणाऱ्या शिवलिंगी व मायफळात स्त्री-संप्रेरकांसारखी क्रिया करणारी द्रव्ये सापडली. 'वनस्पतीच आहे, अपाय काय होणार?' हा युक्तिवाद येथे संपतो.

रसकल्पांबाबत अधिक सावधगिरी हवी. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ साली सहा गर्भिणींच्या रक्तात शिसे आढळले. त्यांनी घेतलेली आयुर्वेदीय औषधे भारतातून गेलेली होती. गर्भपाल रसासारख्या कल्पात नागभस्म असते. शोधन-मारणाची ग्वाही कोणी निर्माता देत असेल, तर ती प्रत्येक घाणीच्या तपासणी अहवालासह मागण्याचा आपल्याला अधिकार आहे, किंबहुना ते कर्तव्य आहे.

आता कायद्याकडे वळू. १९९४ च्या लिंगनिवड प्रतिबंधक कायद्यात २००३ पासून 'लिंगनिवड' या संज्ञेत विशिष्ट लिंगाच्या गर्भाची शक्यता वाढवण्यासाठी कोणतीही वस्तू देणे अथवा लिहून देणे हेही येते. औषध निष्फळ होते, हा बचाव होऊ शकत नाही. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. सम-विषम तिथीविषयीच्या वक्तव्यावरून कीर्तनकार निवृत्ती महाराज देशमुख इंदुरीकर यांच्यावर दाखल झालेला खटला सत्र न्यायालयाने रद्द केला होता. तो २०२३ साली उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठाने पुन्हा जिवंत केला. त्याच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. पण केवळ बोलण्यावरून न्यायालयात जावे लागत असेल, तर औषध देणाऱ्याने आपली जागा ओळखावी. भारतीय न्याय संहितेची कलमे ८८ ते ९२ गर्भपात घडवणे व गर्भाचा मृत्यू यांविषयी आहेत. मात्र व्यंग घेऊन जिवंत जन्मलेल्या बालकाला दाद मागायची, तर कोणत्या औषधाने काय झाले, हे सिद्ध करावे लागते. चिठ्ठी नाही, पुडीवर नाव नाही, घटकद्रव्ये ठाऊक नाहीत, अशा स्थितीत ते सिद्ध कसे व्हावे?

बिननावाची पुडी देणारा अशा रीतीने कायद्यातून सुटतो. नैतिक उत्तरदायित्वातून मात्र सुटत नाही. ज्याचे अहित झाले त्याला तक्रार करता येत नाही, म्हणूनच ते उत्तरदायित्व अधिक जड होते. त्यात वैद्य, निर्माता व विक्रेता या तिघांचाही वाटा आहे.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे. प्रजननवयातील स्त्रीला औषध देण्यापूर्वी मासिक पाळीची तारीख विचारून ती नोंदवावी. गर्भिणीला लेबल नसलेली एकही पुडी देऊ नये. फार्मसीचालकांनी गर्भिणीसाठीचे रसकल्प चिठ्ठीशिवाय विकू नयेत. दुष्परिणाम दिसल्यास आयुष औषधांच्या राष्ट्रीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाच्या केंद्राला तो कळवावा. आणि मुलगा होण्याचे औषध मागणाऱ्या कुटुंबाला स्पष्ट नकार द्यावा. ते दुसऱ्या दारी जातील, एखादा रुग्ण कमी होईल. पण आपल्या हातून दोन हृदयांपैकी एकाचेही अहित झाले नाही, एवढे तरी आपण खात्रीने म्हणू शकू.